एका हुडात एकच

६ जानेवारी
बोम्मसंद्र्याची प्रयोगशाळा पहिल्याच दिवशी आवडली. पुण्यात बरीच वर्षं शिकवण्यात गेली. आता चाळिशी उलटल्यावर पुन्हा स्वतःच्या हातांनी रसायनं हाताळायची. प्रत्येकाला आपापला हुड आहे, म्हणजे वाफा ओढून घेणारं काचेच्या दाराचं कपाट. शेजारचा हुड स्मृतीचा. तिचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, बोलण्यात निम्मं कानडी. डाव्या अंगठ्यावर काच लागल्याचा जुना व्रण. फोनवर लहान लेकीला ‘पुट्टी’ म्हणते, म्हणजे छोटी.

आमचे प्रमुख भगवंतराव यांनी एकच गोष्ट बजावली. “अक्का, एका हुडात एकच माणूस. दुसऱ्याने हात घालायचा नाही. सरी? कळलं ना?” कारण विचारलं तर म्हणाले, इथली रीत आहे. पुण्यातल्या लेकीला, मैत्रेयीला, फोनवर सांगितलं. ती म्हणाली, तू कधी कुणाला हात लावू दिलास?

८ जानेवारी
आज सायक्लोपेंटाडाइन काढलं. ते कोरड्या बर्फातच ठेवावं लागतं. उबेला राहिलं की त्याचे रेणू आपापसातच जुळतात. मला ते मॅलेइक अॅनहायड्राइडशी जुळवायचं होतं. दोघांचा मिळून एकच रेणू होतो आणि मागे काही उरत नाही. मला ही नेटकी क्रिया फार आवडते.

ओतताना फ्लास्क निसटू लागला. मी हाक मारली, स्मृतीने माझ्या हुडात हात घालून तो सावरला. आमची बोटं काचेवर टेकली. कापरासारखा वास आला. हे भगवंतरावांना सांगायला हवं होतं का? सांगितलं नाही. एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं.

१० जानेवारी
स्मृती आली नाही. हाताचा वास साबणानेही जात नाही.
रिक्षावाल्याशी भाड्यावरून वाद घातला. उतरल्यावर लक्षात आलं, आम्ही कानडीत बोलत होतो. मला कानडी येत नाही. कानावर पडून येत असेल.

१३ जानेवारी
स्मृतीची चौकशी केली. भगवंतरावांनी विचारलं, कोण स्मृती? तो हुड रिकामाच असतो म्हणे. ते चेष्टा करणाऱ्यांतले नाहीत. मग माझंच काही चुकतंय का? हुडापाशी तिचा एप्रनही नव्हता.
मागे काही उरत नाही.

१४ जानेवारी
मैत्रेयीचा फोन. बोलता बोलता ती थांबली.
“आई, मला पुट्टी का म्हणतेयस?”
ती उद्या इकडे यायला निघतेय. नको म्हणायला हवं होतं.

१५ जानेवारी
माझ्या डाव्या अंगठ्यावर व्रण आहे. जुना, पांढरा पडलेला.
दुपारी घराचं दार वाजलं. गणवेशातली एक लहान मुलगी. “आई, बसकडे का नाही आलीस?” म्हणत बिलगली. मी तिला दूर केलं नाही. तिची वेणी सोडली — कशी सोडायची ते हातांना माहीत होतं.
मग तिच्या केसांना वास आला. कापराचा. माझ्या हातांचा —

१६ जानेवारी
मैत्रेयी पोचली. मी दार उघडायच्या आधी पुट्टीने उघडलं. तिचा हात धरून आत घेऊन गेली.
मैत्रेयीला ओरडून सांगितलं, हात सोड. कानडीत सांगितलं. तिला कळलं नाही —
दोघी आतल्या खोलीत आहेत. जाऊन सोडवायला हवं. पण सोडवू कशाने — या हातांनी —
वास इथवर येतोय.
मघापासून आतून दोघींचं हसणं ऐकू येत होतं. दोन आवाज. आता एकच —