कुप्यासाठी पितळी चकती

सौ. लतिका,

दि. १८ जानेवारी १९९६, सकाळी ९.२०, अकराव्या घंटेला फोन मी उचलला, कारण तू देवळात होतीस. अमेरिकेहून यशोधन. नोकरी सोडून तो हौशी मासेमारांच्या बोटीवर गेल्यापासून आम्ही दोन वर्षे बोललो नव्हतो.

"माँ हैं?" इथे वाढल्यापासूनच्या सवयीने हिंदीतच. नाही म्हटले. तरी त्याने ठेवला नाही.

सोळा दिवसांच्या सफरीत त्याच्या गळाला प्रचंड कुपा मासा लागला. पन्नास मिनिटे ओढाताण झाली, तरी गळाची दोरी सोडणाऱ्या रिळाचा ब्रेक तापून अडला नाही. "बाबा, आपका वॉशर टिक गया."

ती चकती तुला आलेल्या त्याच्या पत्रातल्या मापावरून मीच लेथवर केली होती. तुझ्या लाडवांच्या पार्सलात घातली, तुला सांगितले नाही.

आणखी चार करायला निशातगंजला लेथवर जातो. जेवायला थांबू नकोस. शेजारी मिश्राजींना घाईत मी शंभर सांगितले, ते दुरुस्त कर. मासा १०४ किलो भरला.

चंद्रकांत