लसूणघासातलं कडवळ

मु. मळा, पो. निपाणी
ता. ९ ऑगस्ट १९३६

ती. मारुतीअण्णांस, धाकटी बहीण गुणाचा शि. सा. न. वि. वि.

अण्णा, तुमच्या मळ्यातलं कडवळ छातीला लागलं. दोन सालांमागं पेरलेली लसूणघास मोडली न्हाय. बुडातनं कापली, मधे पट्टे उकरून ह्यो चाऱ्याचा जोंधळा पेरला. गेल्या साली घास न कापताच पेरलं तर पिवळं पडून गेलतं, तवा भावकूदादा लई हसला. यंदा घासानं भुई झाकून ठेवली, ओल टिकली, तण उठलं न्हाय. म्हैस दोन्ही वेळा दूध देत्या. मालक गेल्यापासनं पहिल्यांदाच सकाळी उठावंसं वाटतंय. वैनींना नमस्कार. माया आटू देऊ नका.

तुमची गुणा

अनगोळ, ता. २७ ऑगस्ट

चि. गं. भा. गुणास, मारुतीचे अनेक आशीर्वाद.

इकडील क्षेम. आपला चुलतभाऊ भावकू कचेरीत येऊन भेटला. त्याचे म्हणणे, तू विळा घेऊन शेतात उभी असतेस आणि गाव आपल्या घराला नावे ठेवते, की भावाला विधवा बहीण पोसवत नाही. मला मान वर करता येईना. मळा त्याला तंबाखूसाठी दिला आहे. तू इकडे ये. वहिनीलाही हाताखाली कोणी नाही. राग धरू नकोस, लोभ आहेच.

मारुती

मळा, ता. ३ सप्टेंबर

ती. अण्णांस शि. सा. न.

मळा तुमचा, मी काय बोलू. पण कडवळ अजून निसवलं न्हाय, कणीस भाईर पडायचंय. घास आणखी तीन सालं फुटंल. भावकूदादांनी तंबाखू वरच्या पट्टीत लावावा, एवढा तुकडा राहू द्या. दुसरं काय मागत न्हाय.

तुमच्या उत्तराकडं डोळे लावलेली,
गुणा

अनगोळ, ता. १० सप्टेंबर

चि. गुणास आशीर्वाद.

भावकूला शब्द दिला, आता फिरवणे शोभत नाही. सामान बांधून ठेव. रविवारी आमच्या थोरल्या परशरामला आणायला धाडतो. दुखावली असलीस तरी भावाला अंतर देऊ नकोस.

मारुती

निपाणी, ता. २४ सप्टेंबर

ती. अण्णांस शि. सा. न.

परशराम एकटाच परतला, त्याला रागवू नका. मीच येत न्हाय म्हटलं. त्याच्या आदल्या दिवशी दादांनी नांगर घातला. घासाची मुळं तुटंनात, बैलं गुडघ्यावर आली, तवा दुसरी जोडी जुंपली. कडवळ उपटून बांधावर टाकलं. चारा न्हाय म्हणून म्हैसही त्यांच्याच गोठ्यात गेली.

मी जयाबाईच्या खोलीत राहते. तिच्यासंगं तंबाखूच्या वखारीत पाला निवडायला जाते. खोकला लागलाय, सवय हुईल म्हणतात. दादा म्हणाले, वखारीच्या आत बसलेली बाई गावाला दिसत न्हाय, तवा घराचं नाव जायचं न्हाय. तेवढी तुमची काळजी मिटली.

लोभाचं तुमच्या मनावर.

गुणा