जीपचा मूळ रंग

आप्पा, तुमची जीप पुन्हा चमकायला लागलीय. दादा तिला नवा रंग मारायला निघाला होता. त्याच्या मुलीचं लग्न आलंय, नवरीला याच जीपमधून दौंडच्या कार्यालयात न्यायचं, आणि एवढी फिकट गाडी पाहुण्यांपुढं कशी उभी करायची, असं त्याचं म्हणणं. गॅरेजवाल्याशी बोलणंही झालं होतं. तो जुना रंग पार पत्र्यापर्यंत घासून काढणार होता. मी म्हटलं, मला एक रविवार दे, नाही जमलं तर खुशाल रंगव. दादा हसला. मी तुमच्या हाताखाली शिकलेय, हे तो विसरला असावा.

तुम्ही गाडी कधी उन्हात धुतली नाहीत. साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की चिमणीची काळी राख आपल्या अंगणापर्यंत यायची, आणि आळीतले ड्रायव्हर सकाळी उठून गाडीवर कोरडं फडकं मारायचे. एकदा मीही ओढणीनं बॉनेट पुसायला गेले, तर तुम्ही माझं मनगट धरलंत. "राख पुसायची न्हाई, पोरी. आदी पाण्यानं जाऊ द्यायची. पुसली की रंगाला ओरखडं पडत्यात, आन् ते जल्मभर दिसत्यात." रागावलेले तुम्ही मला तेवढेच आठवता. एरवी डोळ्यांपुढं येता ते असे: तुम्ही लिंबाखाली गाडी लावता, पत्रा गार झालाय का ते तळहातानं बघता आणि मग मेणाचा डबा उघडता. बोटभर मेण, हातभर जागा. वाळून पांढुरकं झालं की आईच्या जुन्या साडीच्या मऊ तुकड्यानं हलकं पुसता. तुकडा मातीत पडला तर तो बाजूला टाकून दुसरा घेता. आई म्हणते, एवढे लाड माझे कधी झाले नाहीत. तुम्ही मान वर न करता हसता.

रविवारी शिरूरहून येऊन मी तेच सगळं केलं. रांजणगावच्या एका कंपनीत मी पेंट शॉपची इन्चार्ज आहे, हे बघायला तुम्ही राहिला नाहीत. लाईनवर नव्या पोरी आल्या की पहिल्या दिवशी त्यांना तुमचं वाक्य तुमच्याच बोलीत ऐकवते. त्या हसतात, पण विसरत नाहीत. मला तेव्हा फार अभिमान वाटतो, आप्पा, तुमचा आणि माझाही. दुपारपर्यंत जुना निळा रंग असा वर आला, की दादा गाडीभोवती नुसता फिरत राहिला. मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे. ह्योच रंग ऱ्हाऊ दे." आणि तिथूनच त्यानं गॅरेजवाल्याला नको म्हणून फोन लावला.

फक्त ड्रायव्हरच्या खिडकीच्या काठावर, तुमचं कोपर टेकून टेकून रंग उडालाय, तेवढं टचिंग करून घे, असं तो म्हणाला. मी हो म्हटलं. हे पत्र कुठं धाडायचं नाहीच, तेव्हा खरं सांगते. तिथं मी रंग लावलेला नाही, लावणारही नाही. गंज धरू नये म्हणून मेण तेवढं चोळलं, आणि गाडी चौकातून फिरवून आणताना माझं कोपर तिथंच टेकवलं.