विचारलं म्हणून 'हो'

इमोगिरी, ९ ऑगस्ट

न्दुक निकेन, माझ्या पोरी,

अस्सलामु अलैकुम. तू, जावई मारवान आणि बाळ खुशाल असाल. मी मजेत आहे. सध्या कोरडा वारा सुटलाय, त्यामुळे रंगवलेलं बातिक सावलीतसुद्धा चटकन वाळतं. तुझी बूलिक, दार्मी मावशी, माझी सख्खी धाकटी बहीण असून माझ्याशी सवतीसारखी भांडते, म्हणजे तिचीही तब्येत उत्तम आहे.

मोठी बातमी अशी की, मी सर्व्हर चालवायला शिकले! हसू नकोस. आमच्या बायकांच्या गटाने बातिकची नक्षी काढायला एक दणकट कॉम्प्युटर भाड्याने घेतलाय. तो राहतो तुमच्या जाकार्तात, आणि त्याला इथून हलवते मी. सुरुवातीला त्यात नुसता काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. चित्रं, खिडक्या, माऊसचा बाण असा नेहमीचा डेस्कटॉप हवा असेल तर तो आपण सुरू करायचा. हे कोण करणार, असं बैठकीत विचारलं तेव्हा सगळ्याजणी चहाच्या पेल्यात बघायला लागल्या. मी 'हो' म्हणून बसले. जमलं नसतं तर नक्षीचं काम शहरातल्या एका दुकानाकडे गेलं असतं. मग इथे राहायला मला सबब उरली नसती. सबब कशाला, ते पुढे लिहिते.

सर्व्हर भाड्याने देणाऱ्या पांजीने काय काय टाइप करायचं ते फोनवर पाठवलं होतं. तसं करत गेले. पासवर्ड मागितला, दिला. मग इंग्रजीत काहीतरी विचारलं, हो की नाही. मला अर्थ कळला नाही, पण कोणी एवढं अदबीने विचारल्यावर 'नाही' कसं म्हणायचं? हो म्हटलं. त्याने आणखी एक पासवर्ड मागितला, तोही दिला. आत जाताना हा नवाच डोक्यात ताजा होता, म्हणून तोच घातला.

आणि न्दुक, डेस्कटॉप आला! निळाशार. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पण माऊस दाबला तर काही उघडेना, काही हलेना. सगळं समोर दिसतंय आणि माझ्या हाताला कशाचीच दाद नाही.

दार्मी म्हणाली, "म्बाक्यू, हे तुझ्या जावयाच्या घरासारखंच झालं की! बघायचं सगळं, हात लावायचा नाही."

बायका हसल्या, मीही हसले. पण ते मला लागलं. ईदला तुझ्याकडे आले होते तेव्हा तुझ्या स्वयंपाकीणबाईंनी माझ्या हातातला झारा काढून घेतला होता. प्रेमानेच घेतला, "इबू, तुम्ही बसा." मी बसले. पंधरवडाभर बसूनच होते.

शेवटी पांजीला फोन लावला.

"बू, मध्ये एक प्रश्न आला असेल. काय उत्तर दिलंत?"

"हो."

"का पण?"

"विचारलं म्हणून."

तो पोरगा हसून हसून बेजार. "माझी आईपण तुमच्यासारखी जावाची, सोलोची, ती अस्संच करते. अहो, तो दुसरा पासवर्ड नुसतं बघत बसणाऱ्यांसाठी असतो. परत करा, आणि या खेपेला नाही म्हणा."

पुन्हा तोच प्रश्न आला. माझं बोट अडखळलं. दार्मी ओरडली, "दाब की! ते काय मशीन आहे, रुसणार थोडंच!" दाबलं. बाण हलला, खिडकी उघडली, आणि मी कावुंग नक्षीची पहिली पाकळी काढली. आता गटाची सगळी नक्षी माझ्याकडे आहे. फार दिवसांनी इतकी खूश आहे मी.

आता जे टाळत होते ते.

ईदला मारवानने जेवताना विचारलं, "इबू, कायमच्या इकडेच राहायला येणार ना?" मी हो म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा हो म्हटलं. तो मेदानचा, जावाबाहेरचा, त्यांच्याकडे हो म्हणजे हो. बिचाऱ्याने खोलीला रंगसुद्धा दिला. पण तू जावाची आहेस. भर पंगतीत आईने दिलेला असा 'हो' कसला असतो ते तुला ठाऊक होतं. म्हणून तर तू मान खाली घालून भात कालवत राहिलीस. मला राग नाही. तुला मी हवी होते, एवढंच ते होतं. मलाही तू हवी आहेस. परत येताना रेल्वेत मी उतरेपर्यंत डोळे पुसत होते. फोन केला असता तर माझ्या तोंडून परत होच निघालं असतं, म्हणून पत्र.

नाही, न्दुक. मी राहायला येणार नाही. भेटायला येईन, हवं तेवढ्या वेळा येईन, आणि तेव्हा झारा माझ्या हातात राहील.

हे मारवानला वाचून दाखव. त्याला एकदा वाचून कळेल. तुला दोनदा वाचावं लागेल.

तुझी, इमोगिरीलाच राहणारी,
इबू