मला कुणी विकत का घेत नाही

मुक्काम राजधानी
फेब्रुवारी १९०९

आदरणीय अमोस दाजींना त्यांच्या धाकट्या मेव्हण्याचा, जोथमचा, टोपी काढून नमस्कार.

या थंडीत तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईला सांगा, तिने विणलेले मोजे मी रोज विधानसभेत घालतो आणि ते विरोधकांनाही आवडले आहेत (दुसरं काहीच आवडत नाही).

तुम्हाला ठाऊकच आहे, वॉशिंग्टनला पाठवायचा सिनेटर निवडायचा तो आम्ही आमदारांनी. सत्तावीस दिवस रोज दुपारी मतदान आणि रोज एका मतासाठी घोडं अडलेलं. लाकूडगिरण्यांचे मालक थॅडियस ऑर्डवे यांना सिनेटर व्हायचंच आहे. त्यांनी हॉटेलचा आख्खा तिसरा मजला घेतलाय. एकेक आमदार जिना चढतो (लिफ्ट आहे, पण लिफ्टवाला विरोधी पक्षाचा) आणि उतरतो तो नव्या कोटात. मी मात्र तयारीनिशी आलो होतो. कुणी पैसे पुढे केलेच तर फेकायचं बाणेदार भाषण मी घरूनच पाठ करून निघालो होतो. कोराने बायकोचं कर्तव्य म्हणून ते दोनदा ऐकलं, दुसऱ्यांदा उभ्याने.

दाजी, कुणी आलंच नाही! पहिल्या आठवड्यात वाटलं, लाजत असतील. दुसऱ्या आठवड्यात खोलीचं दार उघडं टाकून बसलो, तर सर्दी झाली. शेजारच्या पर्किन्सला स्वतःच्या मतदारसंघाचं नाव धड लिहिता येत नाही, आणि त्याला तीनदा बोलावणं! राग आला, खोटं कशाला बोलू. पण रागापेक्षा कुतूहल भारी. माझ्यात कमी काय?

शेवटी सोमवारी मीच वर गेलो. दाराशी ऑर्डवेंचे कारभारी कर्नल स्नीड (कुठल्या पलटणीत होते, ते विचारायचं नसतं). "काय काम काढलंत?" म्हणाले. म्हटलं, "नकार द्यायला आलोय." "कशाला?" "ते तुम्ही ठरवा." ते आत गेले, हसण्याचा आवाज आला, आणि मला बोलावणं झालं.

राज्यातला सगळ्यात श्रीमंत माणूस दुधात बिस्किट बुडवून खात होता. पोटाचं दुखणं, दुसरं काही पचत नाही. मी उभ्या उभ्या भाषण केलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "छान. पण पीझली, प्रामाणिक माणूस घेणं मला परवडत नाही. तो रोज नव्याने घ्यावा लागतो." मग मी विचारलं, तुम्हाला एवढं सिनेटर व्हायचंय तरी कशाला? त्यांनी बिस्किट बशीत ठेवलं. "बायकोने वॉशिंग्टनच्या घरासाठी पडदे शिवून ठेवलेत हो." पुढे तासभर आम्ही माझ्या वासराच्या पोटफुगीवर बोललो. त्यातलं त्यांना बरंच कळतं.

दया आली, दाजी. दुसरा उमेदवार तरी कुठे धुतल्या तांदळासारखा होता? मंगळवारी मी ऑर्डवेंना मत दिलं. फुकट. ते निवडून आले.

आता ऐका. वर्तमानपत्र म्हणतं, पीझलीने शेवटपर्यंत भाव ताणला. पर्किन्स गळ्यात पडून रडला, "आम्ही स्वस्तात गेलो रे, तू थांबलास!" कर्नल चार वेळा येऊन गेले: "साहेबांना झोप नाही. तुम्हाला नक्की हवंय काय?" काही नको म्हटलं की आणखीच घाबरतात, कालपासून तपकिरी टोपीवाला एक इसम माझ्या मागावर आहे. कोराने तर लिहिलंय, रक्कम पोस्टाने पाठवू नका. हसू नका, दाजी. चांगलं नाव एवढी एकच चीज वडिलांनी मला दिली होती, आणि ती मी एक पैही न घेता घालवली. फार लागलंय मनाला.

तुमचा,
जोथम

ता.क. पत्र लिहिलं ते यासाठी: मी गुरुवारी चारच्या गाडीने येतोय. तुम्ही चर्चचे डीकन, गावाचा तुमच्यावर विश्वास. स्टेशनवर या आणि सगळ्यांदेखत एकदा माझा हात हातात घ्या. एवढंच.

ता.क. २. पाकीट चिकटवणार तोच तुमची तार आली. "अभिनंदन. मिळकतीतला चर्चचा दशमांश विसरू नये. अमोस." बरं. तरी स्टेशनवर याच. दुसरं कोण येणार?