मोठ्या मुलांच्या बादल्या

॥ श्री ॥
ओजिमा, टोकियो
११ मे २०२५

चि. क्षितिज यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

आज पहाटे शाळेच्या आडावरचा रहाट कानात कुरकुरला. बागेला पाणी घालताना आम्ही कविता म्हणायचो. गुरुजी मोठ्या मुलांना मोठ्या बादल्या देत, आम्हा लहानांना तांबे. तुझं इथल्या आयकराचं गाऱ्हाणं ऐकलं की तेच आठवतं. जास्त कमाईला जास्त दर, म्हणून तू आखातात गेलास आणि आम्हालाही बोलावतोस.

फोनवर आपण भांडतो, म्हणून लिहितो. आपली पूर्वी तिकडे यायला तयार नाही. सतरा वर्षांची तुझी लेक दर रविवारी स्टेशनबाहेर फलक धरून उभी राहते, परदेशी म्हणून घरं नाकारणाऱ्यांविरुद्ध. तिकडे असं उभं राहता येईल का, एवढंच विचारते.

तिकडे घर लावायला आलेल्या सूनबाईला, सौ. यामिनीला जप. रागावलास तरी माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बाबा

२३ मे

ती. बाबांस सा. न. वि. वि.

मोठ्या मुलांना गुरुजींनी विचारलं होतं का, बाबा? बादली वाहणाऱ्याचा खांदा कवितेत येत नाही. सगळ्यांना एकच दर लावा, मी आनंदाने भरीन. इथे तर तोही नाही. स्वतःची कमाई स्वतःच्या हातात, याहून मोठं स्वातंत्र्य मला माहीत नाही. हो, इथे फलक धरता येत नाही. मी तरी कधी धरला? यामिनीलाही पटलंय, पडदेसुद्धा निवडले तिने.

पूर्वीने नेटवर टाकलेलं सगळं पुसायला हवं, नाहीतर तिचा व्हिसा अडकेल. ओजिमाचं घर मी जूनअखेर सोडतोय. ती तुमचं ऐकते. रविवारी तिला स्टेशनबाहेरून घरी घेऊन या, आणि कृपा करून कविता म्हणू नका.

तब्येत सांभाळा, मला समजून घ्या.

आपला,
क्षितिज

२ जून

चि. क्षितिज यास आशीर्वाद.

सांगितल्याप्रमाणे गेलो. घरी चल म्हटलं, तर पूर्वीने फलक माझ्या हातात दिला आणि पाणी पिऊन येते म्हणाली. तेवढ्यात कुणीतरी माझ्यापुढे माइक धरला. मला जपानी येईना. तोंडून शाळेतली कविताच निघाली. एक अक्षरही कुणाला कळलं नसेल, पण मध्ये कुणी थांबवलंही नाही. तुझं कराचं गाऱ्हाणंसुद्धा तिथे उभं राहून सांगता येईल, बाळा. तिकडे उद्या काही खुपलं तर कुणाला सांगशील?

व्हिडिओ नेटवर आहे. म्हणजे आता माझाही व्हिसा अडकला. मला वाटलं पूर्वी हसेल, पण ती रडली. पुसायचं नाही म्हणते, आणि बाबाशिवाय राहवणारही नाही म्हणते. मी तिला काय

बेल वाजली म्हणून उठलो होतो. दारात यामिनी आहे, बॅग घेऊन, एकटी. तुला सांगून निघाली की नाही, विचारायचं धाडस होत नाही. बूट काढण्याआधीच विचारते आहे, रविवारी किती वाजता निघायचं.