नाणं कडेनं धरावं

पोतोसी,
रविवार दुपार, खिडकीत ऊन आहे तोवर

ती. इसाउराताईच्या पायांवर (दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता) धाकट्या फाउस्तिनोचं डोकं.

गुडघा काय म्हणतो? शेळी व्यायली का? तुमच्या तारिहाकडे यंदा द्राक्षांवर गारा पडल्या नाहीत, असं बसचा ड्रायव्हर सांगत होता, त्यामुळे माझी निम्मी काळजी मिटली. उरलेली निम्मी तुझ्या पत्राची वाट बघतेय. इकडे सगळे खुशाल. योलांदाचं लग्न तोंडावर आलंय आणि पोरगी दिवसभर शिंप्याकडे बसून असते. वाल्तेर, म्हणजे आमचे होऊ घातलेले जावईबापू, रोज संध्याकाळी येऊन नेमके माझ्याच खुर्चीत बसतात. मला कोणी काही काम सांगत नाही. सांगितलं की मी ते बिघडवतो, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहेच. तेव्हा घराबाहेर राहायला काही निमित्त हवं म्हणून मी शिकायला जायला लागलोय. हसू नकोस. मी नाणं बघायला शिकतोय.

तू म्हणशील, त्यात काय शिकायचं, डोळे आहेत की. मीही असंच म्हणालो होतो, आणि पहिल्याच दिवशी फ्लोरिंदाबाईंनी माझी चांगली हजेरी घेतली. (फ्लोरिंदाबाई म्हणजे बाजारामागच्या गल्लीतल्या, जुनी नाणी पारखण्यात उभी हयात घालवलेल्या बाई. त्यांचं वय विचारायची अजून कोणाची छाती झालेली नाही.) त्यांचा वर्ग एका आपीवालीच्या दुकानावरच्या खोलीत भरतो. खाली जांभळ्या मक्याची गरम, दाट आपी प्यायला उकळत असते, तिच्यातल्या लवंग-दालचिनीचा वास फळ्यांच्या फटींतून वर येतो आणि माणसाला नुसती पेंग येते. बाई प्रत्येकापुढे मऊ कापड पसरतात, त्यावर एक नाणं ठेवतात आणि बजावतात, की नाणं कडेनं धरायचं, उजेडात हळूहळू कलतं करायचं आणि दिसेल तेवढंच बोलायचं. कोणाचं, केवढ्याचं, कुठून आलं, यातलं काही नाही. माझ्या वाट्याला जुनं चांदीचं आलं. एका बाजूला देशाच्या मुक्तिदात्याचा चेहरा, दुसऱ्या बाजूला झाड आणि झाडाखाली बसलेले दोन लामा. मी म्हणालो, "सुंदर आहे." बाई म्हणाल्या, "हे तुमच्याबद्दल झालं, फाउस्तिनोराव. नाण्याबद्दल बोला." मी म्हणालो, जुनं आहे. "हेही तुमच्याबद्दलच."

पुढच्या खेपेला मी तयारीनं गेलो. म्हणजे आधी कोपऱ्यावर उभं राहून रस्सा भरलेली एक गरम सालतेन्या खाल्ली, कारण रिकाम्या पोटी मला बारकावे दिसत नाहीत. आतला रस्सा एक थेंबही कपड्यांवर सांडला नाही, याचा मला अभिमान वाटत होता. (तो सगळा बोटांवर आला होता, हे मागाहून कळलं.) नाणं उचललं, कलतं केलं, आणि काय सांगू ताई, मुक्तिदात्याच्या कानापाशी नारिंगी झळाळी. मी तंद्रीत बोलत सुटलो, की कानाखाली तांबूस छटा आहे, मध्यभागी सोनेरी होते आणि मानेकडे जाता जाता विरते. सगळा वर्ग उठून माझ्याभोवती गोळा झाला. बाईंनी नाण्याला भिंग लावलं, मग ते नाकाशी नेलं. "वर्णन उत्तम आहे," त्या म्हणाल्या, "पण ही छटा नाही, रस्सा आहे. तिखट." मी शरमून ते बाहीला पुसायला गेलो तर अख्खा वर्ग अंगावर धावून आला. नाणं काय वाटेल ते झालं तरी घासायचं नाही, हा त्यांचा धर्म. चांदीवर वर्षांची म्हणून एक साय धरते. ती एकदा गेली की पुन्हा येत नाही, आणि घासणाऱ्याच्या रेघा तेवढ्या मागे राहतात.

पण त्यानंतर मला खरंच दिसायला लागलं. फारसं न झिजलेलं नाणं कलतं केलं की उजेड त्याच्यावर एका जागी थांबत नाही, आपणहून गोल फिरतो. पहिल्यांदा तो फिरला तेव्हा मी नाणं कलतं करतच राहिलो. खाली आपी उकळत होती, खिडकीबाहेर डोंगर तांबडा होत चालला होता, आणि मी कधीचा त्या झाडाखाली लामांच्या शेजारी जाऊन बसलो होतो. तिथे वारा नव्हता. पानं एकेक दिसत होती. लामांच्या पाठी मात्र गुळगुळीत, कारण जे वर आलेलं असतं ते आधी झिजतं. कोणाकोणाचे हात त्यांच्यावरून फिरून गेले असतील, आणि त्यातला एकही आता नसेल. मला वाईट वाटलं नाही. उलट फार दिवसांनी बरं वाटलं. बाईंनी खांद्याला हात लावला तेव्हा खोली रिकामी झाली होती.

पण नवी विद्या अंगात भिनली की ती नको तिथे बाहेर पडते. परवा विहीणबाई, म्हणजे वाल्तेरच्या आई सेराफिनाबाई, आमच्याकडे जेवायला आल्या. त्या समोर बसलेल्या, खिडकीचा तिरपा उजेड चेहऱ्यावर. मी नकळत मान कलती केली आणि मोठ्यानं म्हणालो, "उंच भागांवर झीज आहे, गालावर बारीक ओरखडे, पण खोलगट जागी मूळचं तेज शाबूत. आणि कधीही घासलेलं नाही." शपथेवर सांगतो, आमच्या वर्गात यापेक्षा मोठी स्तुती नाही. विहीणबाईंनी काटा खाली ठेवला. योलांदानं मला ओढत स्वयंपाकघरात नेलं.

"बाबा, तुम्ही त्यांना घासलेल्या नाहीत म्हणालात?"

"अगं, ते चांगलं असतं."

"लग्न लागेपर्यंत तुम्ही फक्त हवेबद्दल बोलायचं. थंडी आहे, एवढंच."

(वाल्तेर तेवढा माझ्या खुर्चीत बसून पोट धरून हसत होता. तेव्हापासून तो मला आवडतो.) दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो, तर विहीणबाई आरशापुढे मान कलती करून उभ्या. मला बघून म्हणाल्या, "तेज कुठल्या जागी म्हणालात, फाउस्तिनोराव?" तेव्हा लग्न शाबूत आहे, काळजी नसावी.

बाकी काही विशेष नाही. गुडघा शेकत जा. शेजारच्यांना नमस्कार, शेळीला गोंजारणं.

तुझा,
फाउस्तिनो

ता. क. खरं म्हणजे पत्र लिहायला बसलो ते लग्नाच्या नाण्यांसाठी. चर्चमध्ये वाल्तेरनं योलांदाच्या ओंजळीत ओतायची ती तेरा नाणी. आमच्या लग्नात मी रेमेदियोसच्या ओंजळीत ओतली होती, आणि ती गेल्यावर मला घरात बघवेनात म्हणून तुझ्याकडे ठेवायला दिली, तीच. ती बसनं पाठव. पण पाय धरतो, ती घासू नकोस. लिंबू आणि राख दिसली की तुझे हात शिवशिवतात, मला माहीत आहे. चर्चमधल्या सान रोकेच्या मूर्तीपायाशी बसलेल्या चांदीच्या कुत्र्याचे कान तू घासून नाहीसे केलेस. ताई, आमचं भांडण झालं की रेमेदियोस बोलायची नाही. त्या तेरांतलं एक नाणं पेटीतून काढून खिडकीत बसायची आणि राग निवेपर्यंत त्यावर अंगठा फिरवत राहायची. नेहमी तेच नाणं. मी ते कधी हातात घेऊन बघितलं नाही, तेव्हा मला बघता येत नव्हतं. अलीकडे सकाळी तिचा चेहरा आठवायला वेळ लागतो आणि मला भीती वाटते. तिनं त्या नाण्यावर काय ठेवलंय, ते एकदा उजेडात धरून बघायचंय. काळी पडली असतील तशीच पाठव.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात बसवाल्यानं तुझं पुडकं आणून दिलं. मागायच्या आधीच पाठवलंस. उघडलं. तेराच्या तेरा लखलखीत. सोबत अर्धं लिंबू, कुठे काही राहिलंच असेल तर म्हणून.

मी बराच वेळ मनातल्या मनात तुझ्याशी भांडलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. मग कापड पसरलं आणि एकेक नाणं कडेनं धरून कलतं केलं. साय गेली. छटा गेल्या. सगळीकडे तुझ्या हाताच्या गोल गोल बारीक रेघा. पण बारा नाण्यांवर मुक्तिदात्याला नाक आहे, कान आहे, कुरळे केस आहेत. तेराव्यावर नाकही नाही आणि गालही नाही. तिथे नुसती एक गुळगुळीत, खोलगट जागा आहे. इतकी भांडणं केली मी तिच्याशी, की ती तुझ्या लिंबालाही निघाली नाहीत.

त्या जागी मी माझा अंगठा ठेवून बघितला. बसला नाही. तिचा फार लहान होता, ताई. हे मी विसरलो होतो.